कल्हईवाल्याचे पाय

फोटो सकाळी चहाच्या वेळेला आला. सुभेदारांनी तो स्मारक समितीच्या ग्रुपवर टाकला होता. आमच्या गावात बेचाळीसच्या चळवळीचं स्मारक होतंय. त्याच्या भिंतीवर बसवायचं शिल्प सांगलीच्या मूर्तिकारानं मातीत पुरं केलं होतं. मी चष्मा पुसला आणि फोटो बोटांनी मोठा केला. मधे आमचे तात्या उभे, डोक्याला फेटा, उजवा हात वर. त्यांच्या दोन्ही बाजूंना काठ्या उगारलेले दोन तरुण. खाली जमिनीवर एक माणूस पालथा पडलेला, त्याचे उघडे तळपाय बघणाऱ्याच्या अगदी तोंडासमोर. उशाशी एक पातेलं आणि हवा मारायचा भाता.

भाता बघितला आणि मी बशी खाली ठेवली.

फोटोखाली सुभेदारांनी लिहिलं होतं, "मंगळवारी साचा घेणार. मास्तरांच्या लेखणीला सलाम." मास्तर म्हणजे मी. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. मी काहीच टाकलं नाही. मंगळवार म्हणजे परवा. एकदा साचा घेतला की खालची माती मोडून टाकतात. मग जे झालं ते पक्कं, ऊनपावसात टिकणारं. शाळेची पोरं सहलीला येणार, बाई बोट दाखवून सांगणार, की बघा, हा फितूर आणि हे त्याला जीवदान देणारे तात्या.

असं काही घडलेलं नाही. तो प्रसंग मी लिहिलेला आहे. तो खोटा आहे हे गावात एवढी वर्षं फक्त मला माहीत होतं.

तात्या आमच्या गावचे. चळवळीत ते भूमिगत होते, त्यांच्यावर पकडवॉरंट होतं. उसाच्या फडात झोपायचे, वेळ मिळेल तेव्हा झाडाखाली बसून गावाची भांडणं मिटवायचे. हुंडा मागणाऱ्याला चारचौघांत मान खाली घालायला लावायचे. स्वातंत्र्य आल्यावर त्यांनी ना पेन्शन मागितली ना तिकीट. माझा जन्मच त्या दिवसांतला, त्यामुळे हे सगळं मी ऐकलेलं. पण म्हातारपणीचे तात्या मी पाहिले आहेत, आणि ऐकलेलं खोटं वाटावं असं त्यांच्यात काही नव्हतं.

भूमिगतांची फितुराला शिक्षा म्हणजे तळपायावर काठ्या. लोक त्याला पत्री मारली म्हणत. तिचा धाक असा बसला होता, की पुढे पुष्कळ वर्षं आमच्या भागात कुणाचे तळपाय दुखावलेले दिसले तर लोक मनात एकच म्हणायचे, यानं कधीतरी पोलिसाला काहीतरी सांगितलेलं आहे. तळपायावर पोलीसही मारतात, ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच येत नसे.

आमच्या गावात असा एकच माणूस होता. कल्हईवाला. वेशीजवळ राहायचा, आसपासच्या गावांत फिरून तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करायचा. टाचा टेकवत, ओल्या फरशीवरून जपून चालावं तसा चालायचा. त्याला तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. भांडी देत होते, चहा पाजत होते. पण पारावर चळवळीच्या गोष्टी चालल्या असल्या आणि तो समोरून आला, की बोलणं थांबायचं.

मी शाळेत नवीन लागलेला तरुण मास्तर. यात्रेला आपल्याच गावच्या चळवळीवर नाटक बसवायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाटकाला खलनायक लागतो. इंग्रज साहेब लिहून पाहिला, त्याचं हसूच यायला लागलं. मग मी फितूर लिहिला. भूमिगत पोरं त्याला पकडतात, पालथा पाडतात, काठ्या उगारतात, तेवढ्यात तात्या येतात आणि हात वर करून म्हणतात, "सोडा त्याला. त्याच्या पायात बळ नाही म्हणून तो वाट चुकला." टाळ्या कुठे पडणार ते लिहितानाच मला कळत होतं. फितुराला मी नाव दिलं नाही. पण भाता दिला. भाता दिल्यावर नावाची गरज उरत नव्हती.

पहिल्या प्रयोगाला सगळं गाव लोटलं होतं. तात्या पुढच्या खुर्चीत. तो प्रवेश सुरू झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि तात्या उठून निघून गेले. पोटात दुखतंय असं काहीतरी म्हणाले. मला वाईट वाटलं, कारण टाळ्या त्यांनी ऐकायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मळ्यात बोलावून घेतलं. विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसले होते. मी कौतुक ऐकायच्या तयारीनं गेलो होतो.

"मास्तर, त्या कल्हईवाल्याचं पाय कुणी फोडलं?"

"आपल्याच माणसांनी, तात्या. गाव म्हणतंय."

"गाव म्हणतंय." त्यांनी तेच परत म्हटलं. "पोलिसांनी फोडलं. माज्यापायी फोडलं."

मग त्यांनी सांगितलं. कल्हईवाला गावोगाव फिरायचा, म्हणून भूमिगतांचे निरोप तोच न्यायचा. त्याचा भाता उघडून बघायचं कुणाला सुचत नसे. एकदा पोलिसांनी त्याला धरलं आणि तात्या कुठं आहेत ते विचारत तळपायांवर मारलं. तात्या कोणत्या फडात आहेत हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आदल्या दिवशी भाकरी त्यानंच पोचवली होती. तो बोलला नाही.

"आन् म्या काय केलं ठावं हाय का? सुटून आला म्हणल्यावर मला वाटलं, ह्यो बोलला असणार. दोन पोरं धाडली जाब इचाराय. पोरं पाय बघून तशीच म्हागारी आली. मग मी गेलो. दिवसाढवळ्या, वेशीतनं. त्याच्या पायाशी बसलो आन् माफी मागितली. तुज्या नाटकात मी त्याला माफ करतोय. मी न्हाई केलं, मास्तर. त्यानं मला केलं."

मी कसंबसं विचारलं, "मग तुम्ही गावाला सांगितलं का नाही?"

"माज्यासमोर कोण बोलतंय? गाव मनात काय धरून बसलंय ते मला काल तुज्या नाटकात कळलं. सकाळी त्याच्या दाराशी जाऊन आलो. कडी हाय. बिऱ्हाड उचललं त्येनं." ते उठले. "पुढच्या यात्रेला मी सोता स्टेजवर उभा ऱ्हातो आन् सांगतो. तू त्यो प्रवेश काढून टाक."

मी हो म्हणालो.

त्याच पावसाळ्यात तात्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली.

मी प्रवेश काढला नाही. शेजारच्या गावांतून नाटकाला बोलावणी यायला लागली होती, ती त्याच प्रवेशासाठी. लोणंदच्या बाजारात एकानं मला थांबवून हातात हात घेतला होता. लोक मला मास्तर म्हणायचे ते लेखक म्हणायला लागले होते. एवढंच कारण. दुसरं चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पुढच्या यात्रेला तात्यांना मानानं खुर्चीवर बसवून आणलं, अगदी समोर. आता त्यांना उठून जाता येत नव्हतं. मी विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होतो. काठ्या उगारल्या गेल्या आणि तात्यांचा डावा हात, तेवढाच चालत होता, खुर्चीच्या लाकडावर आपटायला लागला. जोरात, पुन्हा पुन्हा. माईकवरचा माणूस ओरडला, "तात्यांनी दाद दिली!" आणि टाळ्यांनी मंडप उठला. दोरी सोडून पुढे जायला मला चार पावलं टाकावी लागली असती.

नंतर तात्या गेले. नाटक चालत राहिलं. पोरं त्या प्रवेशावर भाषणं करायला लागली. आता त्याचे तुकडे मोबाईलवर फिरतात. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना माझं सांगणं आहे, की ती तात्यांची गोष्ट नाही. ती एका मास्तरानं टाळ्यांसाठी रचलेली गोष्ट आहे.

फोटो आला त्या दिवशी दुपारीच मी सुभेदारांकडे गेलो. ते स्मारक समितीचे अध्यक्ष. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, पण गावात त्यांची खरी ओळख वेगळी आहे. माझ्या नाटकात पहिल्या प्रयोगापासून तात्या तेच व्हायचे.

"या मास्तर. बघितलं का? एकदम कडक काम झालंय."

"सुभेदार, साचा थांबवा."

ते हसले. "का वो? मिशी बारीक झाली का काय माजी?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पहिल्यांदा ते मधेमधे हूं म्हणत होते, मग तेही थांबलं. त्यांच्या मिसेस चहा घेऊन आल्या. सुभेदारांनी तिकडे बघितलं नाही, नुसतं म्हणाले, "न्हेऊन ठेव."

"पुरावा काय?"

"तात्यांनी मला सांगितलं."

"कवा?"

"पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांना ते पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हंजे त्येच्यानंतर मी रजा टाकून युनिटमधनं यायचो, तोंडाला रंग लावायचो, त्यो डायलॉग म्हणायचो. आन् तुमी इंगेत उभं ऱ्हाऊन ऐकत व्हता?"

"हो."

"शाबास." ते उठून अंगणात गेले, परत आले. "खोटं बोलताय तुमी. तात्यांनी खुर्ची बडवली व्हती. समोर व्हतो मी. बर्फात पोस्टवर बसायचो तवा त्यो आवाज आठवायचो मी, म्हाईत हाय? तात्यांनी दाद दिल्याली हाय आपल्याला, भ्यायचं न्हाई."

"ती दाद नव्हती. ते थांबवत होते."

मला वाटलं ते मला मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते शिस्तीत खुर्चीवर बसले आणि हुकूम द्यावा तसं बोलले. "मी उद्या गावात सांगितलं तर पोरं म्हणतील, मास्तरला चळ लागलाय. कोण म्हणंल, कल्हईवाला त्या समाजाचा म्हणून ह्यांना पुळका आलाय. आत्ताचा काळ बघताय न्हवं? त्याची लेक रहिमतपुरात हाय म्हणत्यात. तिला आणा. ती काय सांगंल ती सांगंल. न्हाईतर मंगळवारी साचा घ्यायचा म्हंजे घ्यायचा."

रहिमतपूर आमच्या गावापासून एसटीनं फार लांब नाही. एवढ्या वर्षांत मी तिथल्या बाजाराला कितीदा गेलो असेन, पण कल्हईवाल्याची लेक राहते त्या आळीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या मुलाचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. सोमवारी मी गेलो तेव्हा ती मागच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. सत्तरी ओलांडलेली बाई. मी दारात उभा राहिलो. तिनं मान वर करून बघितलं.

"नाटकवाले गुरुजी ना? बसा की. उभे का?"

मी बसलो. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी फक्त म्हणालो, तात्यांनी मला खरं सांगितलं होतं आणि मी ते दाबून ठेवलं.

तिचा हात थांबला नाही. "त्या दिवशी नाटकाला आम्ही मागं बसलो होतो. अम्मी म्हणाली, उठा. अब्बा म्हणाले, संपू दे. मधनं उठलो तर लोक म्हणतील खरंच आहे." तिनं एक पाकळी वाटीत टाकली. "शेवटपर्यंत बसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या त्यांनी, सगळे वाजवत होते म्हणून."

तिनं दुसरा गड्डा फोडला.

"गुरुजी, कल्हईच्या आधी पातेलं कसं घासतात, बघितलंय कधी? आत राख-वाळू टाकायची, त्यात उभं राहायचं आणि पायानं गरगर फिरायचं. तळपायाचं काम आहे ते. अब्बांना जमेना. मग अम्मी करायची. बाईमाणूस, भर रस्त्यात पातेल्यात उभी राहून फिरतीय. तुमच्या गावची माणसं पानपट्टीवर उभी राहून बघायची. हसायची. मला तो हसण्याचा आवाज सगळ्यात जास्त लक्षात आहे."

"अब्बांनी कधी कुणाला सांगितलं नाही?"

"तात्या घरी येऊन गेले होते. अब्बांना तेवढं पुरं होतं." तिनं सुरी खाली ठेवली. "मला नव्हतं."

मी मोबाईल पुढे केला. तिनं तो लांब धरला, मग जवळ घेतला. ती बाकी काही बघत नव्हती, फक्त तळपाय.

"हे पाय चुकलेत," ती म्हणाली.

उद्या सांगलीत साचा घेणार आहेत हे मी सांगितलं, सुभेदारांची अट सांगितली. ती एकदम ताठ झाली. "मी साक्ष द्यायला येणार नाही. माझ्या बापावर गुन्हा होता का, मी साक्ष द्यायला?" मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला. "गाडी किती वाजता निघते? साक्ष देणार नाही. बघायला येते."

मंगळवारी सुभेदारांनी स्वतः गाडी काढली. रहिमतपुरात तिला घेताना म्हणाले, "ताई, तुमी पुढं बसा." मला काहीच म्हणाले नाहीत. कराड मागे पडलं. मूर्तिकाराचा दोनदा फोन आला, माती सुकतीय, लवकर या. सुभेदार प्रत्येक वेळी एवढंच म्हणाले, "आल्याशिवाय हात लावू नका."

कारखाना सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टरची पोती फोडून ठेवलेली, बादल्या भरलेल्या, मदतनीस बाह्या सारून तयार. मूर्तिकारानं ओली फडकी काढली. फोटोत दिसलं होतं त्यापेक्षा ते खूप मोठं होतं. तळपाय माणसाच्या खऱ्या तळपायापेक्षा मोठे.

ती जवळ गेली आणि बोट लावलं. मूर्तिकार "अहो, हात..." म्हणाला. मातीत तिच्या बोटाचा ठसा उठला.

"ताई," सुभेदार म्हणाले, "काय सांगायचं ते सांगा. मी ऐकतोय."

"मी काय सांगू? अब्बांना मारलं तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते." ती वळली. "तात्या खुर्ची बडवत होते तेव्हा समोर तुम्ही होता ना, सुभेदारसाहेब? गुरुजी म्हणतात दाद नव्हती. तुम्ही म्हणता दाद होती. तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही सांगा."

बाहेर रस्त्यावर ट्रक गेला. पत्रे थरथरले आणि थांबले. सुभेदार मातीच्या तात्यांकडे बघत होते, म्हणजे स्वतःच्याच चेहऱ्याकडे, कारण मूर्तिकाराला नाटकातले फोटो त्यांनीच दिले होते.

"त्येंचं डोळं माज्याकडं न्हवतं," ते शेवटी म्हणाले. "स्टेजकडंच न्हवतं. इंगेकडं व्हतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा. "म्या त्येवडं कदी मनावर घेतलं न्हाई. टाळ्या लय पडत व्हत्या."

मग ते मूर्तिकाराकडे वळले. "पाडा हे."

"अहो साहेब! अनावरणाची तारीख ठरलीय. समिती..."

"समितीला मी बघतो. गावालाबी मीच सांगतो, माईकवर. पाडा."

"आणि नवीन काय करायचं? काहीतरी तर सांगा."

"ह्यो माणूस वर बसल्याला. तात्या खाली. त्येच्या पायाशी. पाय हातात घेतल्यालं."

मूर्तिकारानं डोकं खाजवलं, कागद ओढला, दोन रेघा मारल्या. "हाताची ठेवण समजत नाही. कुणीतरी बसून दाखवा."

"गुरुजी बसतील," ती म्हणाली.

मी नको म्हणालो. ती जागा माझी नाही, तुम्ही बसा, असं काहीतरी म्हणालो.

"बसा, गुरुजी. थोडा वेळ बसा त्यांच्या जागी."

मी प्लास्टरच्या पोत्यावर बसलो आणि चप्पल काढली. सुभेदार समोर आले, दोन्ही गुडघे धरून हळूहळू खाली टेकले आणि माझी टाच तळहातावर घेतली. त्यांचा हात गरम होता. मी पाय मागे ओढला.

"हलू नका," मूर्तिकार म्हणाला.

ती वाकली. माझ्या पायाची बोटं तिनं स्वतःच्या हातानं आत दाबली, दुखेल इतकी. "अशी होती. सरळ नव्हती कधी. आणि सुभेदार, पाय एवढा वर नका धरू. त्यांना सोसत नव्हतं."

सुभेदारांनी हात खाली घेतला, जमिनीला टेकेपर्यंत, आणि पाय तसाच धरून ठेवला.